शिक्षक आणि मुख्याध्यापकांचे व्यावसायिक चिंतन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील आणि अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षक, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, प्रमुख) आपल्या व्यावसायिक विकासाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या प्रश्नांत गुंतागुंत आहे त्यांची उत्तरे लांबली आहेत.

"चिंतन करा" असे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. म्हणजे नेमके काय करायचे?

आपल्या तासाला घडलेली एखादी लहान आणि ठरावीक गोष्ट निवडायची, तिचा पुरावा समोर ठेवायचा, ती तशी का घडली असावी याची एकाहून अधिक कारणे शोधायची आणि त्यातले एक कारण धरून पुढच्या तासाला काहीतरी बदलून पाहायचे. "आज तास चांगला झाला" किंवा "मुलांचे लक्ष नव्हते" हे झाले निकाल. त्यांतून पुढच्या तासाला काय वेगळे करायचे ते कळत नाही.

उदाहरण घेऊ. वर्गात ४०३ वजा १७८ ही वजाबाकी दिली. बरोबर उत्तर २२५. काही मुलांनी ३७५ लिहिले, काहींनी २३५. दोन्ही उत्तरांवर लाल फुली पडते आणि शेरा एकच मिळतो : "हातच्याच्या वजाबाकीचा सराव हवा." पण या दोन चुका एका जातीच्या नाहीत. ३७५ लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे. आठातून तीन, सातातून शून्य, चारातून एक. त्याला ४०३ ही एक संख्या दिसतच नाही, शेजारी शेजारी बसलेले तीन सुटे अंक दिसतात. २३५ लिहिणाऱ्या मुलाने मात्र शतक सुटे केले, त्यातला एक दशक एककाच्या घरात दिला, तेरातून आठ वजा केले, इथपर्यंत सारे बरोबर केले. फक्त दशकाच्या घरात आता दहा नव्हे, नऊ उरले, हे त्याच्या ध्यानात राहिले नाही. पहिल्या मुलाला गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन स्थानिक किमतीपासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्याला वरच्या ओळीत बदललेले अंक लिहिण्याची सवय लावली तरी बहुधा पुरे होईल. दोघांनाही सरावाची तीच वीस उदाहरणे दिली, तर पहिला मुलगा चुकीचीच पद्धत वीस वेळा गिरवील.

वह्या तपासताना उत्तरांचे असे ढीग लावून पाहणे, हेच चिंतनाचे काम. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी वास्तुरचनाकार, अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ अशा व्यावसायिकांचे काम न्याहाळून १९८३ साली एक भेद मांडला, तो शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही वापरला जातो. काम चालू असतानाच होणारा विचार वेगळा आणि काम संपल्यावर मागे वळून केलेला विचार वेगळा. फळ्यासमोर उभे असताना एखाद्या मुलाचा चेहरा पाहून आपण उदाहरण बदलतो, तो पहिला प्रकार. अनुभवी शिक्षक तो नकळत करतात. दुसरा प्रकार मात्र ठरवून, वेळ काढून केल्याशिवाय होत नाही.

पाठाच्या टाचणात शेवटी शेरा लिहितोच की. मग वेगळी नोंद कशासाठी?

टाचण तासाच्या आधी लिहिले जाते आणि, खरे बोलायचे तर, बहुधा तपासणाऱ्यासाठी लिहिले जाते. त्याच्या शेवटी असलेल्या जागेत "उद्दिष्ट साध्य झाले" याखेरीज दुसरे काही लिहिण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. कारण दुसरे काही लिहिले तर त्याचा जाब विचारला जाईल, अशी धास्ती असते. चिंतनाची नोंद तासानंतर लिहायची असते आणि ती स्वतःसाठी असते. जुन्या रोजनिशीची उरलेली पाने किंवा शंभर पानी वही यासाठी पुरते. छापील नमुना नको. नमुना आला की रकाने भरणे सुरू होते.

नोंद चार-पाच ओळींची असावी. काय घडले ते आधी लिहावे, तेही जसे घडले तसे, मुलाने वापरलेल्या शब्दांत. आपला अंदाज त्याखाली. उद्या काय करून पाहणार ते शेवटी. घडलेले आणि आपला अंदाज यांची सरमिसळ होऊ नये, एवढे पथ्य पाळले तर बाकी लिहिण्याची धाटणी कशीही चालेल. "प्रियाने वाचन टाळले" हा अंदाज आहे. "प्रियाची पाळी आली तेव्हा तिने पाणी प्यायला जाऊ का असे विचारले, गेल्या गुरुवारीही विचारले होते" हे घडलेले आहे. टाळाटाळीचे कारण कदाचित वाचन असेल. कदाचित तिला फळ्यावरचे दिसत नसेल, किंवा मागच्या बाकावरचे कोणी हसत असेल.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा?

तक्रार खरी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यांत पूर्वतयारीचे तास मोजलेले आहेत. त्याच अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० अध्यापन तास आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास सांगितले आहेत. म्हणजे रोजचे शिकवण्याचे तास चार ते साडेचारच्या आसपास. कायदा करणाऱ्यांना तयारी आणि विचार हा नोकरीचाच भाग वाटत होता, असे यावरून म्हणता येते. कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात त्या तयारीच्या तासांत ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि "तातडीने सादर करावे" असे लिहिलेले तक्ते येऊन बसले आहेत, हे कोणत्याही शाळेत जाऊन पाहावे.

तेव्हा रोज चिंतन लिहा, असा आग्रह आम्ही धरणार नाही. रोजचा आग्रह धरला की पंधरा दिवसांत सारे बंद पडते, किंवा शुक्रवारी बसून पाच दिवसांचे एकदम लिहिले जाते. आठवड्याला एक नोंद, एका वर्गाविषयी, एका विषयाविषयी. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरची पंधरा मिनिटे बहुतेक ठिकाणी मिळू शकतात. ही पंधरा मिनिटे मिळवून देणे, म्हणजे त्या वेळी सभा न लावणे आणि तक्ता न मागणे, हे मुख्याध्यापकाचे काम आहे. शिक्षकाच्या निष्ठेवर ते ढकलून चालणार नाही.

आम्ही इतकी प्रशिक्षणे घेतली, इतकी प्रमाणपत्रे मिळवली. तो व्यावसायिक विकास नाही का?

तो विकासाचा कच्चा माल आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास निरंतर व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे आणि मुख्याध्यापकांसाठीही तितक्याच तासांची अपेक्षा ठेवली आहे. दीक्षा हे ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ २०१७ साली आले. शिक्षक व शाळाप्रमुखांच्या प्रशिक्षणाचा निष्ठा हा राष्ट्रीय कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाला आणि कोरोनाच्या काळात ऑनलाइन झाला. आज कोणत्याही गावातला शिक्षक मोबाइलवर अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो, ही सोय लहान नाही. पूर्वी तालुक्याच्या गावी जाऊन, बाकांवर दाटीवाटीने बसून, मुंबई-पुण्याहून उतरत आलेल्या प्रशिक्षणाची तिसरी-चौथी आवृत्ती ऐकावी लागत असे. प्रत्येक पायरीवर त्यातला थोडा जीव कमी होई.

पण तास मोजण्याची एक खोड आहे. तास मोजले की तास भरले जातात. चित्रफीत लावून ठेवून दुसरे काम करणे, प्रश्नावलीची उत्तरे गटात फिरवणे, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल एकट्या शिक्षकाला दोष देणे न्याय्य नाही. ज्या प्रशिक्षणाची मागणी शिक्षकाने केलेली नाही आणि जे संपल्यावर वर्गात त्याचे काय झाले असे कोणी विचारणार नाही, त्याचे दुसरे काय होणार?

उपाय साधा आहे. कोणतेही प्रशिक्षण संपल्यावर त्यातली एकच गोष्ट निवडावी, ती एका वर्गात तीन आठवडे करून पाहावी आणि काय झाले ते वहीत लिहावे. करून पाहण्याजोगी एकही गोष्ट सापडली नाही, तर तसेही लिहावे आणि प्रशिक्षणाच्या अभिप्रायात ते सभ्य शब्दांत कळवावे. "अतिशय उपयुक्त प्रशिक्षण" असे सर्वांनीच लिहिल्यावर पुढचे प्रशिक्षण वेगळे होण्याचे कारण उरत नाही.

कृतिसंशोधन करायला सांगितले आहे. विषय कोणता निवडावा?

विषय शोधायला बाहेर जाऊ नये. वरच्या वजाबाकीच्या उदाहरणात कृतिसंशोधनाचा विषय आधीच तयार आहे.

या पद्धतीचा उगम सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या १९४० च्या दशकातील कामात आहे आणि पुढे १९५० च्या दशकात स्टीफन कोरी यांनी ती अमेरिकेतील शाळांमध्ये आणली. तिचा गाभा असा की समस्या ज्याची आहे त्यानेच ती तपासायची, उपाय करून पाहायचा, निरीक्षण करायचे आणि उपाय सुधारून पुन्हा करायचा. आपल्याकडे बी.एड.च्या अभ्यासक्रमातून ती आली, सेवेतल्या प्रशिक्षणांतही तिचा प्रकल्प मागितला जाऊ लागला, आणि तिला प्रबंधाचा वेष चढला. प्रस्तावना, गृहीतके, परिकल्पना, व्याप्ती व मर्यादा, संदर्भसूची असे सारे येते. वर्गातली मुले मात्र "नमुना निवड" या मथळ्याखाली दोन ओळींत आटोपतात. तयार अहवाल शाळेचे नाव बदलून फिरतात, हे त्या वेषाचेच फळ आहे.

कृतिसंशोधन खरे करायचे असेल तर आवाका लहान ठेवावा. "इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील अडचणींचा अभ्यास" हा विषय एका जन्माला पुरणारा आहे. "शून्य असलेल्या संख्येतून वजाबाकी करताना माझ्या वर्गातील नऊ मुले दशकाच्या घरात का चुकतात आणि बदललेला अंक वर लिहायला लावल्याने ती चूक कमी होते का" हा विषय सहा आठवड्यांत होण्याजोगा आहे. आधीच्या वह्यांची छायाचित्रे ठेवावीत, नंतरच्या ठेवावीत. चूक कमी झाली नाही तर तसे लिहावे. न फळलेला उपाय नीट लिहून ठेवला असेल, तर तो शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाचे सहा आठवडे वाचवतो. सर्वच अहवालांत उपाय शंभर टक्के यशस्वी होतात, हे वाचणाऱ्यालाही खरे वाटत नसते.

सहकाऱ्याने माझा तास पाहावा, हे पटते. पण अवघडल्यासारखे होते. ते कसे टाळावे?

अवघडलेपण येते, कारण आपल्याकडे तास पाहणे म्हणजे तपासणे. मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसतात, लॉगबुकात लिहितात, "फलकलेखन सुवाच्य, प्रश्नांचे वितरण समान ठेवावे" अशा सूचना देतात आणि सही घेतात. त्या पद्धतीचा उपयोग नाही असे नाही. नवख्या शिक्षकाला त्यातून शिस्त लागते. पण तिच्यात सारे लक्ष शिक्षकाकडे असते.

जपानमध्ये पाठ-अभ्यासाची जी परंपरा आहे, तिथे हा रोख बदललेला दिसतो. तीन-चार शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, त्यातला एक शिकवतो आणि बाकीचे मुलांकडे पाहतात. कोणत्या मुलाने प्रश्न वाचून काय केले, कुठे अडले, शेजाऱ्याला काय विचारले, हे टिपतात. नंतरच्या चर्चेत पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असल्यामुळे चूक कोणा एकाची राहत नाही. पाठ सुधारून दुसऱ्या वर्गात दुसरा शिक्षक घेतो.

हेच आपल्या शाळेत करता येते. त्यासाठी दोनच अटी घालाव्यात असे आमचे मत आहे. पहिली अट, काय पाहायचे ते शिकवणाऱ्याने सांगावे. "मागच्या दोन रांगांतील मुले गटकार्यात बोलतात का, एवढेच पाहा," असे सांगितले की पाहणाऱ्यालाही काम मिळते आणि साडीपासून शुद्धलेखनापर्यंत सगळ्यावर मत देण्याचा मोह आवरतो. दुसरी अट, चर्चेत आधी शिकवणाऱ्याने बोलावे आणि पाहणाऱ्याने टिपलेले वाचून दाखवावे. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये. ज्येष्ठ शिक्षकांना ही दुसरी अट जड जाते. म्हणून पहिला तास ज्येष्ठ शिक्षकानेच इतरांना पाहायला खुला करावा. कनिष्ठाचा तास आधी पाहायला घेतला की उपक्रमाचे तपासणीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

आमची शाळा द्विशिक्षकी आहे. इथे कोण कोणाचा तास पाहणार?

दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग असतील, तर एकाने दुसऱ्याचा तास पाहायला जाणे म्हणजे आपले वर्ग उघड्यावर सोडणे, हे मान्य आहे. येथे दुसरे मार्ग वापरावेत. वह्यांची अदलाबदल हा सर्वांत सोपा. माझ्या वर्गातल्या पाच वह्या तुम्ही पाहा, तुमच्या पाच मी पाहतो आणि मुलाला काय येते, काय येत नाही हे शिक्षकाला न विचारता वहीवरून सांगायचा प्रयत्न करायचा. दहा मिनिटे आपल्या शिकवण्याचे ध्वनिमुद्रण करून घरी ऐकणे हा दुसरा. आपण प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो हे त्यातून कळते. बहुतेकांना ऐकून धक्का बसतो, कारण थांबलेलोच नसतो; उत्तर आपणच देऊन मोकळे झालेलो असतो.

बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या शिक्षकांना एक फायदाही आहे, त्याकडे दुर्लक्ष होते. तेच मूल दोन-तीन वर्षे आपल्याच समोर असते. पहिलीत अडलेली गोष्ट तिसरीत कोणते रूप घेते, हे मोठ्या शाळेतल्या शिक्षकाला पाहायलाच मिळत नाही.

केंद्रातील शिक्षण परिषद सूचना वाचण्यातच संपते. तिचा उपयोग कसा करून घ्यावा?

दर महिन्याला दहा-पंधरा शाळांचे शिक्षक एका ठिकाणी जमतात, ही व्यवस्था मुळात फार मोलाची आहे. राज्यात केंद्रप्रमुखांची पदे १९९४ च्या सुमारास निर्माण झाली, तेव्हा शैक्षणिक पाठबळ हेच त्यांचे मुख्य काम अपेक्षित होते. पुढे टपाल पोहोचवणे आणि माहिती गोळा करणे यांनी ते काम गिळले, त्यातच अनेक केंद्रांचा कार्यभार रिक्त पदांमुळे दुसऱ्याच कोणाकडे राहिला. सूचना आता मोबाइलवर सर्वांना आधीच मिळालेल्या असतात. त्या पुन्हा वाचून दाखवण्याची गरज उरलेली नाही.

परिषदेतला एक तास मुलांच्या कामासाठी राखून ठेवावा. एका शाळेने मुलांच्या लेखनाचे चार नमुने आणावेत, नावे झाकून. सर्वांनी ते वाचावेत आणि या मुलाला पुढे काय शिकवावे, एवढ्या एकाच प्रश्नावर बोलावे. नमुने असतील तर बोलणे जमिनीवर राहते. नसतील तर ते पालकांच्या अनास्थेवर आणि मोबाइलवर जाते, आणि तिथून परत येत नाही. सर्वांना दिसेल असे फलकावर काही सादर करण्याची सक्ती करू नये. सादरीकरण म्हटले की सजावट येते.

मुख्याध्यापकाने स्वतःच्या कामाविषयी कसे चिंतन करावे? आम्ही तर दिवसभर कागदांतच असतो.

या प्रश्नातच त्याच्या उत्तराची सुरुवात आहे. मुख्याध्यापकपद आपल्याकडे बहुधा सेवाज्येष्ठतेने मिळते. काल शिकवणारा माणूस आज रोखवही, शाळा व्यवस्थापन समिती, यूडायसची (शाळांच्या सरकारी माहितीसंचाची) माहिती, इमारतीची गळती आणि दोन शिक्षकांमधला अबोला यांच्यासमोर उभा राहतो. लहान शाळांत तर तो वर्गही सांभाळतो, कारण पूर्णवेळ मुख्याध्यापकाची तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी १५० हून अधिक आणि सहावी ते आठवीसाठी १०० हून अधिक विद्यार्थी असतील तिथेच आहे.

पहिले पाऊल म्हणून एक आठवडा आपला वेळ नोंदवावा. दर तासाला एक शब्द : वर्ग, कागद, पालक, फोन, शिक्षक, कार्यालय. आठवड्याच्या शेवटी मोजणी करावी. मुलांच्या शिकण्याशी थेट संबंध असलेल्या कामाला किती वेळ गेला, हे आकड्यात समोर आले की कोणते काम लिपिकाकडे द्यावे, कोणते ठरलेल्या दिवशी एकत्र करावे आणि कोणत्या फोनला दुपारनंतर उत्तर द्यावे, हे ठरवता येते. कार्यालय वरून जे मागते ते नाकारण्याची मुभा मुख्याध्यापकाला नसते, हे खरे. पण ते काम शिक्षकांवर कसे उतरवायचे, हे बरेचसे त्याच्या हातात असते. वरून आलेला ताण जसाच्या तसा खाली सोडणारा मुख्याध्यापक आणि तो निम्मा स्वतःपाशी अडवणारा मुख्याध्यापक, यांच्या शाळांतला फरक शिक्षकदालनात पाच मिनिटे बसले तरी कळतो.

दुसरे, शाळेच्या स्वयंमूल्यमापनाचा खरा उपयोग करावा. शाळासिद्धी या राष्ट्रीय कार्यक्रमात सात क्षेत्रे ठरवून प्रत्येक मानकावर शाळेने स्वतःचा स्तर स्वतः ठरवायचा होता आणि त्यावरून सुधारणेचा आराखडा बनवायचा होता. हेतू उत्तम होता. स्तर वरचा दाखवण्याची चढाओढ लागली तेव्हा तो हेतू हरवला. बाहेर काय पाठवायचे ते नियमानुसार पाठवावेच, पण शाळेत एक प्रत अशी भरावी की जी शिक्षकांशिवाय कोणी पाहणार नाही. त्या प्रतीत "शिक्षकांचा व्यावसायिक विकास" या क्षेत्रासमोर सर्वांनी मिळून काय लिहिले, ते पाहावे. मुख्याध्यापकाला स्वतःविषयी इतके स्पष्ट मत दुसरीकडे मिळणार नाही.

तिसरे, आणि हे सर्वांत अवघड, शिक्षकांना विचारावे : "माझ्या कोणत्या कामामुळे तुमचा शिकवण्याचा वेळ जातो?" प्रश्न सभेत विचारू नये, कारण सभेत उत्तर येणार नाही. चिठ्ठीवर, नाव न लिहिता मागवावे. आलेल्या उत्तरांपैकी एकावर पंधरा दिवसांत काहीतरी करून दाखवावे. काहीच केले नाही, तर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतील.

शिक्षकांच्या चिंतनाच्या नोंदी मुख्याध्यापकांनी किंवा अधिकाऱ्यांनी पाहाव्यात का?

पाहू नयेत. शिक्षकाने स्वतःहून दाखवल्या तर आवर्जून वाचाव्यात, पण त्यावर सही, शिक्का आणि शेरा नको. गोपनीय अहवाल आणि चिंतनाची वही यांच्यात भिंत असली पाहिजे. ज्या वहीतली कबुली उद्या मूल्यांकनात उतरू शकते, त्या वहीत कोणीही "मला हा घटक नीट शिकवता आला नाही" असे लिहिणार नाही, आणि लिहूही नये. भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वही मागितलीच, तर मुख्याध्यापकाने ही वही तपासणीच्या दप्तरात मोडत नाही असे आदबीने सांगावे आणि त्याऐवजी मुलांच्या वह्या पुढे कराव्यात.

मुलांना आपल्या शिकवण्याविषयी विचारावे का? आदर राहणार नाही, असे वाटते.

विचारावे. "बाई कशा शिकवतात?" असे विचारू नये, कारण मुले गोड उत्तर देतील. "आजच्या तासातले काय कळले नाही?", "कोणत्या वेळी कंटाळा आला?" असे विचारावे. माध्यमिक वर्गात तास संपताना कागदाच्या तुकड्यावर एक ओळ लिहून घेता येते. लहान मुलांच्या बाबतीत त्यांचे वागणेच उत्तर असते.

या बाबतीत कोसबाडचे उदाहरण आठवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांच्या किंवा पालकांच्या नावे बोटे मोडली नाहीत. गुरे जिथे चरतात तिथे कुरणशाळा भरवली, आणि जी बालवाडीत येऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. मुलांच्या न येण्याला त्यांनी आपल्या पद्धतीविषयीचा अभिप्राय मानला. आज वारली, पावरी किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत गप्प बसते, तेव्हाही प्रश्न तोच आहे.

चाचण्यांचे आकडे चिंतनासाठी वापरावेत का?

वापरावेत, पण सरासरी बाजूला ठेवून. वर्गाची सरासरी ६२ वरून ६५ झाली, यावरून शिकवण्याविषयी काही कळत नाही. कोणत्या प्रश्नाला बहुसंख्य मुले अडली आणि चुकीचे कोणते उत्तर सर्वाधिक मुलांनी दिले, हे दोन तपशील पुरेसे आहेत. पूर्वी अचूक सोडवलेला प्रश्न या वेळी चुकवणारी मुले असतील, तर त्यांची नावे वेगळी लिहावीत. त्यामागे घरातले काहीतरी निघते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

तासाचे चित्रीकरण करावे का?

स्वतः पाहण्यासाठी करायला हरकत नाही. मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधी सांगावे, मुलांचे चेहरे शक्य तेवढे टाळावेत आणि पाहून झाल्यावर ते पुसून टाकावे. समूहांवर टाकण्यासाठी केलेले चित्रीकरण हा निराळा उद्योग आहे. त्यात मुले आधी पाठ केलेली उत्तरे देतात.

पंचवीस वर्षे सेवा झाली. वरिष्ठ आणि निवडश्रेणीही झाली. आता नवीन काय शिकायचे?

वरिष्ठ वेतनश्रेणी १२ वर्षांनी आणि निवडश्रेणी २४ वर्षांनी, अशी आपल्याकडची रचना आहे. त्यामुळे चोविसाव्या वर्षानंतर शिकण्याला वेतनाशी जोडणारा धागा उरत नाही आणि निवृत्तीपर्यंतची वर्षे कोणी काही विचारत नाही. व्यवस्थेतली ही मोठी त्रुटी आहे, कारण याच वर्षांत शिक्षकापाशी सर्वाधिक ऐवज असतो. अमुक घटक शिकवताना मुले कुठे कुठे अडतात, हे पाठ्यपुस्तक मंडळाच्या बैठकीतही जितके सांगता येणार नाही तितके तो सांगू शकतो. पण ते कुठेच लिहिलेले नसते आणि निवृत्तीच्या निरोप समारंभात शालीबरोबर घरी जाते.

अशा शिक्षकाने नवीन शिक्षकाला वर्षभर सोबत घ्यावे. राष्ट्रीय पातळीवर मार्गदर्शक शिक्षकांची योजना नव्या धोरणात मांडली आहे, पण शाळेत त्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. नव्या शिक्षकाला उत्तरे देण्यापेक्षा आपण एका विशिष्ट मुलाबद्दल कसा विचार करतो, तो मोठ्याने बोलून दाखवावा. दरम्यान तंत्रज्ञान, मूल्यमापनाच्या नव्या पद्धती, मुलांच्या बोली यांत नवा शिक्षक पुढे असेल, तर त्याच्याकडून शिकताना कमीपणा मानू नये. आपल्या विषयातला एखादा घटक निवडून, त्यात मुलांच्या होणाऱ्या चुका आणि त्यांवर आजवर केलेले उपाय वीस-पंचवीस पानांत लिहून काढणे, हे या वयातले सर्वांत मोलाचे लेखन ठरेल. छापून येण्याची गरज नाही. शाळेच्या कपाटात ते हाताशी राहिले तरी चालेल.

बदली झाली तर नोंदींचे काय करावे?

स्वतःविषयीच्या नोंदी सोबत न्याव्यात. मुलांविषयीच्या, म्हणजे कोण कुठे अडते, कोणाला कशाने जमते, कोणाच्या घरी सध्या काय चालले आहे हे सांगणाऱ्या नोंदी, संक्षेपाने लिहून नव्या शिक्षकाकडे द्याव्यात. घरगुती बाबी शक्यतो तोंडी सांगाव्यात, कागदावर ठेवू नयेत. दप्तर हस्तांतराच्या यादीत पंखे, खुर्च्या आणि पुस्तके मोजून दिली जातात. त्याच दिवशी अर्धा तास मुलांविषयी बोलण्यासाठी मुख्याध्यापकांनी राखून ठेवावा, आणि शक्य असेल तर तो वर्गात, हजेरीपट समोर ठेवून घ्यावा.